पद्मिनीचा पंखा वॉटर पंपावरून मोटरवर

जुन्या पद्मिनीच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा टांगायला दीड तास पुरतो. तो कधी चालू व्हावा, त्याने हवा कुठून ओढावी आणि स्लो रनिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) त्याला लागणारा करंट कुठून यावा, हे जमवायला दोन दिवस लागतात. बऱ्याच गाड्यांत पहिलं काम होतं आणि बाकीची तीन अर्धवट राहतात. मग महिन्याभरात ‘इलेक्ट्रिक फॅन लावला तरी गाडी तापतेच’ अशी तक्रार घेऊन गाडी परत गाळ्यावर उभी राहते. या प्रकरणातही दोन चुका झाल्या आणि त्या दुरुस्त कराव्या लागल्या. त्या इथे मुद्दाम सविस्तर दिल्या आहेत.

गाडी चेंबूरची, खासगी नंबरची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनॅमो काढून त्याच कामासाठी तिला आधीच अल्टरनेटर लावलेला होता, लेबलवर ३५ अँपिअर. पंखा कारखान्यातून येतो तसाच, वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टने आवळलेला. तक्रार एकाच तऱ्हेची. पूर्व मुक्तमार्गावर ताशी ६० ने गाडी शांत, पण सायनला किंवा कुर्ल्यात एलबीएस मार्गावर पंधरा मिनिटं मुंगीच्या पावलांनी चालवली की रेडिएटरच्या झाकणातून वाफ. अ‍ॅल्युमिनियमचं हेड असलेल्या इंजिनाला हे दोन-तीनदा झालं तरी पुरे. हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि खर्च पंख्याच्या कित्येक पट होतो.

आधी पंख्याचाच दोष आहे का, ते

वेगात तापणारी आणि सिग्नलला निवणारी गाडी पंख्याने बरी होत नाही. तिथे रेडिएटर चोंदलेला असतो, टायमिंग मागे असतं किंवा पाणी नीट फिरत नसतं. वेगात ठीक आणि उभ्या गाडीत तापणं, हे मात्र हवेच्या कमतरतेचं लक्षण आहे. ही गाडी दुसऱ्या जातीची होती. तरीही चार गोष्टी तपासल्याशिवाय पंख्याला हात लावला नाही.

रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून घेतले. खालच्या ओळीतल्या काही नळ्या क्षाराने निम्म्या बुजल्या होत्या. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलं की हे होणारच. मुंबईत पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण कूलंट इथे गंज आणि क्षार रोखण्यासाठी लागतं. ३० टक्के मिश्रण पुरतं, जास्त घालायची गरज नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. गॅस्केटसाठी झाकण काढून, इंजिन रेसवर ठेवून बुडबुडे पाहिले, नव्हते. टायमिंग जागेवर होतं. चौथी गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो गाडीत नव्हताच, कुणीतरी ‘गाडी गरम होते’ म्हणून कधीच काढून टाकला होता.

थर्मोस्टॅट काढल्याने उभी गाडी तापायची थांबत नाही. इंजिन उशिरा गरम होतं, पेट्रोल जास्त पितं, आणि पुढे थर्मोस्विच (तापमानानुसार पंखा चालू-बंद करणारा स्विच) कुठल्या तापमानाचा घ्यायचा याचा हिशोबच बिघडतो. ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवला. बसवण्याआधी भांड्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवून पाहिलं. ८१-८२ ला तोंड उघडायला लागलं आणि नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडलं. नवाकोरा असला तरी हे करावंच.

एवढं करून मे महिन्यात, बाहेर ३४ अंश असताना, बॉनेट बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवली. वरच्या टाकीचं तापमान पंधराव्या मिनिटाला १०३. कारण सरळ आहे. ७५० आरपीएमला (मिनिटाला ७५० फेरे) फिरणारा पंखा ३००० आरपीएमच्या मानाने पाव हवा ओढतो, आणि या गाडीला पंख्याभोवती आवरण नसल्याने त्यातली बरीच हवा म्हणजे पात्यांच्या टोकांवरून फिरून आलेली मागचीच गरम हवा असते. उलट ३००० ला, जेव्हा समोरून वारा आपसूक येत असतो, तेव्हा तोच पंखा स्लो रनिंगच्या ६४ पट ताकद खातो. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. हवी तेव्हा कमी आणि नको तेव्हा जास्त, अशी ही मूळ रचना आहे.

तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेत असाल तर टाकीवर काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि तिथेच नेम धरा. चकचकीत पितळेवर हे यंत्र दहा-वीस अंश सहज कमी दाखवतं.

भंगारातला पंखा निवडताना

पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची. पंखाही कुर्ल्यातच, सीएसटी रोडच्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत मिळाला. मारुती ८०० चा, आवरणासकट, पात्यांचा व्यास ३० सेंटीमीटर. मोठ्या गाडीचा दणकट पंखा घ्यायचा मोह होतो. तो आवरा. पंखा रेडिएटर बघून नव्हे, अल्टरनेटर बघून निवडायचा असतो. मोठ्या सेडानचा पंखा १५-२० अँपिअर ओढतो, आणि या अल्टरनेटरचं स्लो रनिंगला सगळं मिळून तेवढं निघत नाही.

दुकानातच तपासणी करा. शाफ्ट बोटांत धरून हलवा: पुढेमागे किंचित चालेल, बाजूला डुगडुगला तर त्याला धरणारं बुश गेलेलं. पातं हाताने फिरवून सोडलं की ते टप्प्याटप्प्याने, चुंबकाला अडखळत थांबलं पाहिजे. अगदी मोकळं भिरभिरलं तर आत चुंबक सुटलेत किंवा करंट पोचवणारे ब्रश कम्युटेटरला (शाफ्टवरच्या तांब्याच्या कडीला) टेकत नाहीत. मग बॅटरीवर पाच मिनिटं चालवा आणि डीसी क्लॅम्प मीटरने करंट मोजा. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, त्यावर शून्यच दिसेल. या मोटरने सुरू होताना क्षणभर २६ आणि नंतर स्थिर ७.८ अँपिअर घेतले. करंट हळूहळू चढत गेला किंवा मोटरला जळका वास आला, तर ती ठेवून द्या.

मुंबईत आणखी एक धोका आहे, तो म्हणजे पुरात बुडून गेलेल्या गाड्यांचा माल. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, मोटरच्या खालच्या निचऱ्याच्या भोकात वाळलेला गाळ, शाफ्टच्या मुळाशी गंजाची कडी. यातलं एक जरी दिसलं तरी ती मोटर दुकानात छान चालेल आणि दोन महिन्यांत ब्रश खाऊन बसेल. आवरण, रबरी बुश आणि कनेक्टर किमान १५ सेंटीमीटर वायरसकट मागून घ्या. ते वेगळे शोधणं हे पंख्यापेक्षा जिकिरीचं आहे.

जुना पंखा काढताना

हे पाच मिनिटांचं काम वाटतं, पण एक खोच आहे. या गाडीत पंखा, त्याचा स्पेसर आणि पंपाची पुली हे तिन्ही त्याच चार बोल्टांनी धरलेले होते. पंखा आणि स्पेसर निघाले की तेच बोल्ट परत आवळता येत नाहीत. मागून ९ मिलिमीटर जास्त बाहेर येतात आणि पंपाच्या बॉडीला घासतात. घासल्याचा आवाज बेल्टच्या आवाजात लपतो आणि पंपाचं बेअरिंग जातं. तेवढे आखूड, ८.८ ग्रेडचे बोल्ट स्प्रिंग वॉशरसकट लावले, पुली हाताने फिरवून डगमगत नाही हे पाहिलं आणि बेल्टचा ताण पूर्वीइतकाच ठेवला, म्हणजे मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिलिमीटर. बेल्ट आता फक्त पंप आणि अल्टरनेटर फिरवतो, पण ढिला चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

बसवणी

रेडिएटरच्या मागच्या तोंडापासून पंपाच्या नाकापर्यंत या गाडीत ७८ मिलिमीटर जागा निघाली आणि मोटरची खोली ७२. सहा मिलिमीटरची फट म्हणजे फट नव्हे. क्लच सोडताना इंजिन माउंटवर पुढेमागे झुलतं, त्यासाठी किमान २५ हव्यात. म्हणून पंखा मध्यावर न लावता डावीकडे सरकवला, मोटर पुलीच्या बाजूला आली आणि ३५ मिलिमीटर मोकळे मिळाले.

दुसरा मार्ग पंखा रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे लावून हवा मागे ढकलायची हा. तो का टाळला, ते सांगायला हवं, कारण त्यात हमखास गोंधळ होतो. मागून ओढणारा पंखा पुढे लावायचा तर हवेची दिशा मोटरच्या मानाने उलटते. पुष्कळजण पातं शाफ्टवर उलटं बसवतात. त्याने दिशा बदलत नाही. स्क्रू कुठूनही पाहिला तरी त्याचे आटे त्याच बाजूचे राहतात, तसंच पात्याचं आहे. दिशा बदलते ती मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्यावर. पण मग पात्याची बाक उलटी कापते आणि हवा बरीच घटते. दोन्ही करावं लागतं, वायरीही बदलायच्या आणि पातंही उलटायचं, तेव्हा पंखा पूर्वीसारखा ओढतो. या पंख्याचं पातं मोटरच्या डोक्यावर टोपीसारखं बसतं, उलटं बसतच नाही. विषय संपला.

धरायला २५ बाय ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीच्या दोन उभ्या फ्रेम, रेडिएटरच्या बाजूच्या कानांना रबरी ग्रोमेट आणि एम-६ बोल्टने. प्लॅस्टिकचे टाय रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतून ओवून पंखा लटकवण्याची पद्धत सर्रास दिसते. कंपनाने ते टाय नळ्या कापतात आणि वर्षभरात बारीक गळती सुरू होते. ती पुन्हा झाळून भागत नाही.

आता आवरण. उघडा पंखा फक्त आपल्या गोलाएवढी हवा ओढतो. ३० सेंटीमीटरचा गोल म्हणजे सुमारे ७०० चौरस सेंटीमीटर, या कोअरच्या (रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीच्या) निम्माच. आवरण कोअरपासून २० मिलिमीटर दूर ठेवून उरलेली जागा पत्र्याने झाकली आणि कडेने फोमची रबरी पट्टी चिकटवली, म्हणजे हवा फटीतून न येता कोअरमधूनच येईल. पण पूर्ण झाकलं तर मुक्तमार्गावर समोरचा वारा अडतो. म्हणून पत्र्याला तीन चौकोनी खिडक्या कापून त्यांवर वरून टांगलेले सायकल ट्यूबच्या रबराचे पडदे लावले. पंखा ओढतो तेव्हा ते चिकटून बंद होतात आणि वेगात वारा त्यांना ढकलून निघून जातो.

तपासणी साध्या कागदाने. पंखा चालू करून ए-फोर कागद रेडिएटरच्या पुढच्या अंगाला धरा. चारही कोपऱ्यांत तो चिकटून राहिला पाहिजे. उडून पडला तर वायरी उलट्या आहेत; एकाच कोपऱ्यात सुटला तर तिथली रबरी पट्टी बसलेली नाही.

थर्मोस्विच: पहिली चूक

स्विच ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा, एम-२२ आट्यांचा, दोन टर्मिनलचा. रेडिएटरवाल्याने स्विच बसवायचं आट्यांचं पितळी बुश खालच्या टाकीला झाळलं, कारण तिथे जागा सोपी होती. चाचणीत पंखा चालू होईपर्यंत वरच्या टाकीत १०१ अंश झाले.

खालच्या टाकीत रेडिएटरमधून थंड होऊन निघालेलं पाणी असतं, वरच्यापेक्षा आठ-दहा अंश कमी. तिथे ९२ भरेपर्यंत इंजिनातून निघणारं पाणी शंभराच्या पुढे गेलेलं असतं. खाली लावायचा तर कमी अंशांचा स्विच हवा. हाच स्विच ठेवायचा तर वर यायला हवा. दुसरं बंधन असं की वर लावलेल्या स्विचचा बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याच्या वर असला पाहिजे. थर्मोस्टॅट ८२ चा आणि स्विच ८० ला बंद होणारा असेल, तर चालत्या इंजिनात वरचं पाणी ८० पर्यंत येणारच नाही आणि पंखा दिवसभर चालू राहील.

बुश वरच्या टाकीला हलवलं, पण टाकीच्या बाजूला, अगदी तळाशी. पद्मिनीसारख्या रेडिएटरात वरच्या टाकीत थोडी हवा असते. बुश उंचावर असलं आणि पाणी दोन बोटं कमी झालं की स्विच वाफेत लटकतो आणि पंखा लागतच नाही, तेही नेमका गरजेच्या वेळी. वरच्या पाइपमध्ये धातूचा तुकडा घालून त्यात स्विच लावणंही चालतं. मात्र तो तुकडा दोन्हीकडून रबरात असतो, त्याला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळत नाही, म्हणून एका टर्मिनलचा स्विच तिथे मुका राहतो. दोन टर्मिनलचा स्विच घेतला की ही कटकट नाही.

वायरिंग

रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चार पिनांचा, ३० अँपिअरचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची ऑटो वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून पंख्याला. घरगुती वायर वापरू नये. तिच्या तारा जाड असतात, कंपनाने टर्मिनलपाशी तुटतात. रिलेच्या कॉइलची ८६ नंबरची पिन इग्निशननंतरच्या फ्यूजला, ८५ थर्मोस्विचमार्गे अर्थला. कॉइलवर वन-एन-४००७ डायोड, पट्टीची बाजू ८६ कडे. थर्मोस्विचने फक्त कॉइलचा दीडशे-दोनशे मिलिअँपिअर वाहायचा. पंख्याचा सगळा करंट त्याच्यातून किंवा इग्निशन स्विचमधून नेला तर त्यांचे संपर्क जळतात.

अर्थ आधी रेडिएटरच्या फ्रेमला दिला होता. पंखा चालू असताना बॅटरीवर १३.१ आणि मोटरच्या टोकांवर ११.९ व्होल्ट आले. फ्रेमखाली तीन थर रंग. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेल्यावर फरक ०.३ व्होल्टवर आला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक सोडू नका. मोटर हळू फिरते आणि टर्मिनल तापून प्लॅस्टिक वितळतं.

डॅशखाली तीन जागांचा स्विच: आपोआप, बंद, सक्तीने चालू. ‘बंद’ ही जागा पावसाळ्यासाठी. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यात शिरताना पंखा फिरत असेल तर पाती पाण्यात अडकतात, मोटर जाम होते, फ्यूज जातो. कधी पातं वाकून कोअरमध्ये घुसतं. पाण्यात शिरण्याआधी बंद, बाहेर आल्यावर लगेच परत आपोआपवर. ८७ वरून एक छोटा दिवा डॅशवर आणला आहे, तो पेटतो म्हणजे रिले लागला. जुना पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) भिजवायचा, ते बंद झालं हा फायदा वेगळाच.

करंटचा हिशोब: दुसरी चूक

मे महिन्यात सगळं उत्तम होतं. ३४ अंशांत उभ्या गाडीत पंखा ३ मिनिटं २० सेकंद चालू, १ मिनिट ५० सेकंद बंद, तापमान ८७ ते ९२ मध्ये. जूनच्या पहिल्या पावसात संध्याकाळी दोन तास ट्रॅफिकमध्ये राहून गाडी बंद केली आणि सेल्फ फिरला नाही.

मोजल्यावर दिसलं की ७५० आरपीएमला अल्टरनेटर १४ अँपिअरच देत होता. लेबलवरचे ३५ हे वेगातले. खर्च: इग्निशन ३.५, हेडलाइट ९, पार्किंग आणि टेललाइट २, वायपर ३, मिळून साडेसतरा. पंख्याशिवायच तूट होती; जुन्या पद्धतीत ती कशीबशी निभायची, पंखा आणि ब्रेकलाइटने ती उघडी पडली.

उपाय दोन केले. अल्टरनेटरची पुली ६८ वरून ६० मिलिमीटरची, आणि स्लो रनिंग ७५० वरून ८५०. मिळून अल्टरनेटर सुमारे २८ टक्के जास्त फिरू लागला आणि करंट २१ अँपिअरवर गेला. या पट्ट्यात थोडा वेग वाढला तरी करंट झपाट्याने वाढतो. लहान पुलीवर बेल्टची पकड कमी होते, म्हणून ताणाबद्दल वर बजावलं. पावसात बाहेर २७ अंश असताना पंखा १ मिनिट १० सेकंद चालू आणि ४ मिनिटं बंद असा चालला, म्हणजे सरासरी पावणेदोन अँपिअर. साडेसतरा आणि पावणेदोन मिळून सव्वाएकोणीस, ब्रेकलाइटला थोडं उरतं. मे महिन्यातल्या रात्री पंखा जास्त चालतो, पण वायपर बंद असतात. बेरीज तिथेही वीसच्या आतबाहेर राहते. सगळं चालू असताना स्लो रनिंगवर बॅटरीवर आता १२.९ व्होल्ट दिसतात. पंखा सुरू होतो त्या क्षणी हेडलाइट किंचित मंदावतात, तेवढं चालतं.

मूळ डायनॅमो असलेल्या पद्मिनीला हा बदल करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डायनॅमो स्लो रनिंगवर जवळपास काहीच देत नाही, चार्जिंगचा दिवा तेव्हा मिणमिणतच असतो. पंखा पूर्ण बॅटरीवर चालेल आणि कटआउट (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा डबा) कितीही नीट लावला तरी तूट भरणार नाही. आधी अल्टरनेटर, मग पंखा.

पहिल्या आठवड्यात रिलेचं सॉकेट आणि फ्यूज होल्डर पंखा दहा मिनिटं चालल्यावर बोटाने चाचपा; कोमट ठीक, चटका बसला तर टर्मिनल पुन्हा दाबून घ्या. दर पावसाळ्याआधी मोटरचं निचऱ्याचं भोक तारेने मोकळं करा, ते खालच्या बाजूलाच आहे ना हेही बघा, आणि करंट पुन्हा मोजा. ७.८ चा ९.५ झाला असेल तर बुश सुकलंय. जुना लोखंडी पंखा, त्याचा स्पेसर आणि लांब चार बोल्ट एका पिशवीत बांधून डिकीत ठेवलेत, सोबत १० चा पाना.